वॉटर्लूपूर्वीचे वऱ्हाड : मराठीतील नेपोलियन आणि १८०३ चे दोन तह

पराभवाचा अर्थ सांगण्यासाठी मराठीने दोन रणभूमींची नावे जवळजवळ सामान्यनामांसारखी वापरात आणली आहेत. एक पानिपत आणि दुसरे वॉटर्लू. एखाद्या मातब्बर पुढाऱ्याचा निवडणुकीत अनपेक्षित पराभव झाला की वृत्तपत्रे त्याचे 'पानिपत झाले' असे लिहितात, तशीच 'वॉटर्लू झाले' असेही लिहितात. पानिपताचा सल मराठी मनाला स्वाभाविक आहे. बेल्जियममधील एका खेड्याचे नाव मात्र इंग्रजी शिक्षणाच्या वाटेने आले आणि मराठी वाक्प्रचारात स्थिरावले. अकोला जिल्ह्यातील अडगाव हे नाव कोणत्याही वाक्प्रचारात नाही. वॉटर्लू येथे नेपोलियनचा पराभव करणाऱ्या सेनापतीनेच, त्यापूर्वी साडेअकरा वर्षे, २९ नोव्हेंबर १८०३ रोजी या अडगावच्या शिवारात नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला होता. ज्याने जिंकले तो एकच. एका लढाईचे नाव भाषेत राहिले आणि दुसरीचे राहिले नाही, याची कारणे इतिहासात जितकी आहेत तितकीच मराठी वाङ्मयाच्या घडणीतही आहेत.

मराठीतील नेपोलियन हा प्रामुख्याने चरित्रनायक आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी सत्तेच्या उदयावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात (१९००) शिवाजी महाराजांच्या मुलकी कारभाराचे विवेचन करताना पहिल्या नेपोलियनशी तुलना केली. महाराजांचे मोठेपण केवळ लढायांत नसून संस्था उभारण्यातही आहे, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो पटवण्यासाठी इंग्रजी वाचकाला ठाऊक असलेला सर्वांत मोठा दाखला त्यांनी घेतला. पुढच्या लेखनात ही तुलना फार वेळा आली. मात्र रानड्यांनी तिला दिलेले कारण मागे पडले आणि तेवढा पराक्रम उरला. 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे यांनी नेपोलियनचे चरित्र लिहिले तेव्हा त्याला 'चक्रवर्ती नेपोलियन' असे नाव दिले. हे विशेषण विचार करण्याजोगे आहे. 'बादशहा' किंवा 'सम्राट' या शब्दांनी सत्तेचे स्थान सांगितले जाते. 'चक्रवर्ती' या शब्दात, ज्याच्या रथाचे चाक कोठेही अडत नाही, अशा राजाची कल्पना आहे. कॉर्सिका बेटावर जन्मलेला एक तोफखान्याचा अधिकारी अशा रीतीने आपल्या पुराणपरिचित आदर्शात येऊन बसला. शालेय निबंधांनी त्याच्यावर 'अशक्य हा शब्द ज्याच्या कोशात नव्हता' अशी छाप कायमची मारली. पारतंत्र्यातील वाचकाला इंग्रजांशी जन्मभर झुंजलेला वीर प्रिय वाटावा, यात नवल नाही.

या वीरपूजेत एक गोष्ट राहून गेली. नेपोलियनचे आणि वऱ्हाडचे नाते केवळ वाचनातून आलेले नाही. तो येथे आला नाही. त्याची भीती मात्र आली. ती तहाच्या कलमांत लिहिली गेली आणि ते तह वऱ्हाडच्याच भूमीवर झाले.

बोनापार्टची छाया

नेपोलियन बोनापार्ट आणि आर्थर वेलस्ली यांचा जन्म एकाच वर्षी, १७६९ मध्ये झाला. पहिला कॉर्सिकातील अजाक्सिओ येथील लहानशा सरदार घराण्यातला. दुसरा आयर्लंडमधील उमराव घराण्यातला धाकटा मुलगा. वेलस्लीने तारुण्यात फ्रान्समधील आंझे येथे घोडेस्वारीचे शिक्षण घेतले होते, हा योगायोग चरित्रकारांना नेहमीच मोह घालतो. त्यातून फारसे काही निष्पन्न होत नाही. महत्त्वाचे हे की, फ्रेंच राज्यक्रांतीने एकाला अवघ्या चोविसाव्या वर्षी सेनानी केले, तर दुसऱ्याने त्या काळच्या इंग्रजी रीतीप्रमाणे हुद्दे विकत घेत कर्नलपद गाठले आणि १७९७ मध्ये तो हिंदुस्थानात उतरला. पुढच्याच वर्षी त्याचा थोरला भाऊ रिचर्ड वेलस्ली गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्यास आला आणि त्याच वर्षी बोनापार्ट मिसरमध्ये उतरला.

मिसरची मोहीम हे इंग्रजांच्या हिंदी साम्राज्यावरील आक्रमणाचे पहिले पाऊल आहे, असे कलकत्त्यास मानले गेले. तसे मानण्यास आधार नव्हता असे म्हणता येत नाही. जानेवारी १७९९ मध्ये बोनापार्टने कैरोहून टिपू सुलतानाला पत्र लिहिले. इंग्रजांच्या जोखडातून आपण तुम्हांस मुक्त करू इच्छितो, असा त्याचा आशय होता. ते पत्र टिपूपर्यंत पोचले नाही. वाटेतच इंग्रजांच्या हाती लागले. मे महिन्यात श्रीरंगपट्टण पडले व टिपू मारला गेला. म्हैसूरच्या त्या मोहिमेत धाकटा वेलस्ली होता. पुढे १८०२ मध्ये आमियांचा तह होऊन इंग्लंड व फ्रान्स यांच्यात अल्पकाळ शांतता नांदली. तिचा लाभ घेऊन बोनापार्टने, आता फ्रान्सचा पहिला कॉन्सल या नात्याने, जनरल दकां याला फ्रेंच वसाहती परत ताब्यात घेण्यासाठी मार्च १८०३ मध्ये रवाना केले. दकां जुलैत पाँडिचेरीस पोचला तेव्हा युरोपात युद्ध पुन्हा पेटले होते. इंग्रजांनी पाँडिचेरी त्याच्या हवाली केली नाही आणि त्याला मॉरिशसचा रस्ता धरावा लागला. अहमदनगरच्या किल्ल्यापुढे वेलस्लीने तोफा लावल्या त्या पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट १८०३ मध्ये.

या दोन घटनांत कार्यकारणसंबंध जोडणे हे गव्हर्नर जनरलच्या धोरणाचे सूत्र होते. शिंद्यांच्या पदरी कवायती पलटणी होत्या, त्यांना मराठीत 'कंपू' म्हणत. महादजी शिंद्यांसाठी द बॉयन्य या सव्हॉयच्या सेनानीने त्या उभारल्या आणि १७९५ नंतर पेराँ या फ्रेंच अधिकाऱ्याने सांभाळल्या. अलीगढ व दुआबात पेराँचा जो अंमल चाले, त्याला लॉर्ड वेलस्ली जवळजवळ 'फ्रेंच राज्य' म्हणत असे. वस्तुस्थिती अशी की, या कंपूंतील अधिकारी नाना देशांचे होते आणि त्यांची निष्ठा पगाराशी होती. ऑगस्ट १८०३ मध्ये कंपनीने जाहीरनामा काढून शिंद्यांची चाकरी सोडणाऱ्यांना निर्वाहवेतनाचे आमिष दाखवले, तेव्हा अनेकजण निघून गेले. खुद्द पेराँ सप्टेंबरात इंग्रजांच्या आश्रयास गेला. असई येथे शिंद्यांच्या पायदळाचे नेतृत्व करणारा पोलमन हा फ्रेंचही नव्हता. तो हॅनोव्हरचा होता. पुढे तोही कंपनीच्या चाकरीत गेला.

तेव्हा फ्रेंच धोका खोटा होता का? तो अर्धा खरा होता. बोनापार्टची हिंदुस्थानविषयीची आकांक्षा खरी होती. तिच्यापाशी आरमार नव्हते. शिंद्यांच्या कंपूंचे सामर्थ्य खरे होते. त्यांचा बोनापार्टशी संबंध मात्र जुळवलेला होता. या दोन खऱ्या गोष्टी एकत्र शिवून तिसरी गोष्ट तयार करण्यात आली आणि तिच्या बळावर मराठी राज्यांशी युद्ध मांडण्यात आले.

मराठी इतिहासलेखनात या काळाविषयी एक जुना वाद आहे. गनिमी कावा सोडून कवायती पायदळाच्या नादी लागल्यामुळे मराठे बुडाले, असे एक पक्ष म्हणतो. नेपोलियनच्या सैन्याकडे पाहिले तर हा वाद वेगळ्या प्रकाशात दिसतो. त्या सैन्याचे बळ कवायतीत नव्हते. कवायत तर युरोपातील सर्वच राजांकडे होती. साध्या शिपायालाही सेनापतिपदापर्यंत चढता येईल अशी वाट क्रांतीने मोकळी केली आणि सैन्य हे राष्ट्राचे झाले, यात त्याचे बळ होते. शिंद्यांनी कवायत विकत घेतली. तिच्यासोबत जे विकत मिळत नाही ते त्यांच्याकडे नव्हते, आणि जाहीरनाम्याच्या एका कागदाने ते उघडे पडले.

अडगाव आणि गाविलगड

२३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई विशेष प्रसिद्ध आहे. तिच्यात इंग्रजांचे दीड हजारांहून अधिक लोक ठार व जखमी झाले. आयुष्यात लढाईच्या कामी सर्वांत चांगली कामगिरी कोणती, असे वृद्धपणी विचारले असता वेलिंग्टनने वॉटर्लूचे नव्हे, असईचे नाव घेतले, ही गोष्टही सर्वश्रुत आहे. अडगावची लढाई तिच्या सावलीत राहिली.

असईनंतर शिंद्यांच्या कवायती पायदळाचा कणा मोडला होता. कर्नल स्टीव्हन्सनने बऱ्हाणपूर आणि असीरगड घेतला. नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यात शिंद्यांच्या वकिलांशी तहकुबीचा करार झाला. भोसल्यांचा त्यात समावेश नव्हता. शिंद्यांच्या फौजेने एलिचपूरच्या (आजच्या अचलपूरच्या) पूर्वेस ठरलेल्या अंतरावर जावे अशी अट होती. ती पाळली गेली नाही. २९ नोव्हेंबरला वेलस्ली व स्टीव्हन्सन यांच्या फौजा एकत्र आल्या तेव्हा भोसल्यांचे पायदळ व तोफखाना आणि शिंद्यांचे घोडदळ अडगावापुढच्या मैदानात उभे होते. भोसल्यांच्या फौजेचे आधिपत्य रघूजीचे बंधू व्यंकोजी, म्हणजेच मन्याबापू, यांच्याकडे होते. हल्ला करू नये, अशी विनवणी शिंद्यांचे वकील त्या दिवशीही वेलस्लीच्या छावणीत करीत होते. अट मोडली गेली, एवढे कारण त्याला पुरेसे वाटले.

दिवस कलला होता आणि सैन्य लांबची मजल मारून आले होते. सिरसोली गावाजवळून फौज मैदानात उतरू लागली, तोच भोसल्यांच्या तोफा सुरू झाल्या. असईला ज्यांनी धैर्याची शर्थ केली, त्याच हिंदी शिपायांच्या तीन पलटणी या माऱ्याने बिथरून मागे पळाल्या. वेलस्ली जवळच होता. त्याने त्यांना शांतपणे गावाच्या आडोशाला नेऊन पुन्हा रांगेत उभे केले. आपण त्या क्षणी तेथे नसतो तर दिवस हातचा गेला असता, असे त्याने नंतर पत्रात लिहिले. सर्व फळी सिद्ध होईपर्यंत पायदळाला जमिनीवर पडून राहण्यास सांगितले होते, असेही वर्णन मिळते. त्यानंतरची हकीकत थोडक्यात सांगता येते. भोसल्यांच्या बाजूच्या परदेशी शिपायांची एक तुकडी (इंग्रजी कागदांत त्यांना कोठे इराणी, कोठे अरब म्हटले आहे) गोऱ्या पलटणींवर तुटून पडली आणि जवळजवळ सबंध कापली गेली. शिंद्यांच्या घोडदळाचा हल्ला परतवला गेला, फळी मोडली आणि पाठलाग चांदण्यात चालू राहिला. अडतीस तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. इंग्रजांकडील ठार व जखमी मिळून साडेतीनशेच्या आसपास होते.

भोसल्यांचे उरलेले पायदळ गाविलगडावर गेले. सातपुड्याच्या दक्षिण कड्यावरील हा दुर्ग दुर्भेद्य समजला जाई. दक्षिणेकडून तो कड्यांनी राखलेला. उत्तरेकडून मात्र बाहेरच्या कोटापर्यंत डोंगराची सलग वाट होती. एलिचपुरास जखमींसाठी इस्पितळ उघडून वेलस्ली दक्षिणेच्या पायथ्याशी गेला आणि स्टीव्हन्सनने मेळघाटातून, स्वतःच वाट खणत, जड तोफा शिपायांच्या हातांनी ओढत उत्तरेकडे नेल्या. हे काम डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चालले होते. ज्याने मेळघाटाच्या घाटवाटा पाहिल्या असतील त्याला हा प्रकार काय असेल याची कल्पना येईल. १५ डिसेंबरला खिंडारांतून हल्ला झाला. बाहेरचा कोट पडला; आतला कोट शिड्या लावून कॅप्टन कँबेलच्या तुकडीने ओलांडला व दरवाजा उघडला. किल्ल्यावरचा राजपूत सेनानी बेनीसिंग दरवाजाशी लढताना मारला गेला. राजपूत शिबंदीच्या काही स्त्रियांचा अंत जोहाराच्या रीतीने घडवला गेला होता. इंग्रजांकडील मृतांची संख्या अगदी थोडी होती. आत मेलेल्यांची मोजदाद कोणी नीट केली नाही.

'फ्रेंच माणूस ठेवू नये'

गड पडल्यावर दोनच दिवसांनी, १७ डिसेंबर १८०३ रोजी, पायथ्याच्या बाजूस देवगाव येथील छावणीत भोसल्यांशी तह झाला. बालासोरसह कटक प्रांत कंपनीला गेला. वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरचा हक्क भोसल्यांनी सोडला व तो निजामाच्या पदरात पडला. नरनाळा आणि गाविलगड हे किल्ले आणि त्यांच्याखालचा चार लाखांचा मुलूख तेवढा भोसल्यांकडे ठेवण्यात आला. १८१७-१८ च्या युद्धानंतर तोही गेला. ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगाव येथे शिंद्यांशी तह होऊन गंगा-यमुनेचा दुआब, भडोच, अहमदनगर इत्यादी प्रदेश कंपनीस मिळाले. पाठ्यपुस्तकांतून हे तपशील येतात. एक कलम मात्र सहसा येत नाही. दोन्ही तहांत असे लिहून घेण्यात आले की, फ्रेंच माणसाला, अथवा इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या कोणत्याही युरोपीय वा अमेरिकी सत्तेच्या प्रजाजनाला दरबाराने चाकरीत घेऊ नये व ठेवू नये. कंपनीच्या प्रजेपैकी कोणाला घ्यायचे तर तिची संमती घ्यावी.

हे कलम म्हणजे बोनापार्टची वऱ्हाडातील खूण आहे. त्याला या गावांची नावे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तो अजून सम्राटही झाला नव्हता. राज्याभिषेकाला जवळपास एक वर्ष होते. तरीही एलिचपूरच्या आसमंतात बसून नागपूरकर भोसल्यांनी कोणाला चाकरीस ठेवावे हे ठरवले जात होते, ते त्याच्यामुळे. मराठी दरबारांच्या दृष्टीने या कलमाचा खरा अर्थ फ्रेंचांपुरता नव्हता. आपले सैन्य कोणी शिकवावे हे ठरवण्याचा अधिकार त्यांनी गमावला होता.

सुर्जी-अंजनगावच्या वाटाघाटींतील एक व्यक्ती मराठी अभ्यासकांनी विसरू नये अशी आहे. शिंद्यांच्या वतीने तहावर सही करणाऱ्यांत विठ्ठल महादेव, म्हणजे इंग्रजी कागदांतले विठ्ठलपंत, हे वृद्ध मुत्सद्दी होते. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलत नसे. वेलस्लीबरोबरचा अधिकारी जॉन मॅल्कम याने पत्त्यांच्या एका खेळावरून त्यांना टोपणनाव दिले, कारण अशा चेहऱ्याच्या माणसाशी तो खेळ खेळणे कठीण. पुढे नेपोलियनचा अस्त झाल्यावर मॅल्कमने वेलिंग्टनला विचारले की, नेपोलियनचा परराष्ट्रमंत्री राहिलेला तालेरां कसा आहे? तो बराचसा आपल्या विठ्ठलपंतांसारखाच आहे, पण इतका हुशार नाही, असे उत्तर मिळाल्याची नोंद मॅल्कमच्या चरित्रात आहे. युरोपातील सर्वांत धूर्त मुत्सद्द्याचे माप अंजनगावात भेटलेल्या एका मराठी कारकुनी परंपरेतल्या माणसावरून घेतले गेले. अशा माणसाच्या हाती जिंकलेला पक्ष नव्हता, ही गोष्ट वेगळी.

शिपायांचा सेनापती

वेलिंग्टनविषयी 'शिपायांचा सेनापती' अशी हेटाळणी नेपोलियनच्या नावावर सांगितली जाते. फारसीतील 'सिपाही' हा शब्द फ्रेंच व इंग्रजीत गेला तो हिंदी पायदळाच्या अर्थाने. हिंदुस्थानात काळ्या शिपायांशी लढून मिळवलेल्या कीर्तीला युरोपात किंमत नाही, असा त्या हेटाळणीचा रोख. (मराठीत तोच 'शिपाई' पुढे कचेरीच्या दाराशी येऊन उभा राहिला, हाही त्या शब्दाच्या नशिबाचाच भाग.) वॉटर्लूच्या दिवशी सकाळी, १८ जून १८१५ रोजी, नेपोलियनने आपल्या सेनानींना वेलिंग्टन हा वाईट सेनापती असल्याचे आणि काम न्याहारीइतके सोपे असल्याचे सांगितले, असे वृत्तान्त आहेत. संध्याकाळपर्यंत त्याचे सैन्य पळत होते.

वऱ्हाडने वॉटर्लू जिंकले, असा निष्कर्ष मात्र येथून काढू नये. स्थानिक अभिमानाला तो गोड वाटेल. पुरावा त्याला पेलत नाही. वॉटर्लूपूर्वी वेलिंग्टनने पोर्तुगाल व स्पेनमध्ये सहा वर्षे फ्रेंच सेनानींशी झुंज दिली होती, आणि प्रशियाचा ब्लुखर वेळेवर आला नसता तर त्या संध्याकाळचे चित्र निराळे असते. अडगावला जमिनीवर पडून राहिलेले पायदळ आणि वॉटर्लूच्या टेकडीमागे पडून राहिलेले पायदळ यांच्यात सरळ रेषा ओढणे धाडसाचे आहे.

अधिक विश्वसनीय नाते रसदीचे आहे. नेपोलियनची फौज चालत असे ती मुलखावर जगून. इटलीच्या सुपीक खोऱ्यात ते जमले. स्पेनच्या उजाड डोंगरांत आणि १८१२ मध्ये रशियात त्याने घात केला. दख्खनमध्ये १८०३-०४ साली मोठा दुष्काळ होता, फौजांच्या वाटेवरचा मुलूख ओस पडत होता आणि मुलखावर जगणे अशक्य होते. वेलस्लीने बैलांची काळजी शिपायांइतकी केली, लमाणांच्या तांड्यांशी धान्याचे करार केले, रोख पैसे मोजले आणि अहमदनगरला लूट करणाऱ्यांना फाशी दिले. यात दया कमी व हिशेब अधिक होता. स्पेनमध्ये त्याने हाच हिशेब चालवला. बंजाऱ्यांचे तांडे नसते तर अडगावचे मैदान त्याला गाठता आले नसते, हे विधान मात्र निःशंकपणे करता येते. ज्यांनी ही रसद वाहिली आणि ज्यांच्या शेतांतून ती वाहिली गेली, त्यांच्याविषयी दोन्ही बाजूंच्या कागदांत फार थोडे आहे. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' म्हणणाऱ्या प्रांताने त्या वर्षी दुष्काळ आणि चार फौजा एकाच वेळी सोसल्या.

दोघांच्या मागे

अडगाव व गाविलगड येथे वेलस्लीसोबत फारसीचा दुभाषा म्हणून चोवीस वर्षांचा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होता. तहानंतर तो नागपूर दरबारी रेसिडेंट झाला. १८०७ मध्ये नेपोलियनने इराणशी तह केला, तेव्हा खुष्कीच्या मार्गाने फ्रेंच येतील या भयाने कंपनीने १८०८ मध्ये मॅल्कमला इराणकडे आणि एल्फिन्स्टनला अफगाण दरबाराकडे पाठवले. एल्फिन्स्टनचा अफगाणिस्तानवरील ग्रंथ वॉटर्लूच्याच वर्षी, १८१५ मध्ये, प्रसिद्ध झाला. हाच एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्या आश्रयाने शाळापुस्तक मंडळी उभी राहिली, मराठी क्रमिक पुस्तके छापली गेली आणि मराठी गद्याला छापखान्याचे वळण लागले. ज्या शिक्षणातून मराठी वाचकाला नेपोलियन भेटला, त्या शिक्षणाचा मुंबई इलाख्यातील आद्य संघटक अडगावच्या रणांगणावर हजर होता. त्या शिक्षणाने वॉटर्लू शिकवले. अडगाव शिकवण्याचे त्याला प्रयोजन नव्हते.

वऱ्हाडच्या बाजूने ही उणीव काही अंशी भरून निघाली ती यादव माधव काळे यांच्या 'वऱ्हाडचा इतिहास' (१९२४) या ग्रंथामुळे. ललित वाङ्मयाचे लक्ष मात्र अन्यत्र होते. ना. सं. इनामदारांच्या 'झुंज' आणि 'मंत्रावेगळा' या कादंबऱ्यांनी याच काळाला हात घातला, परंतु त्यांचे केंद्र यशवंतराव होळकर आणि दुसरा बाजीराव हे आहेत. अडगाव व गाविलगड यांना कादंबरीचे रूप देऊन जगभर वाचकांपर्यंत नेले ते बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज लेखकाने, १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या 'शार्प्स फोर्ट्रेस' मध्ये. अर्थात नायक इंग्रज आहे.

नेपोलियनचा वारसा युरोपात दोन वाटांनी टिकला. १८०४ च्या दिवाणी संहितेने कायद्यापुढील समता आणि मालमत्तेचा हक्क अनेक देशांत रुजवला. त्याच संहितेने विवाहित स्त्रीला पतीच्या आज्ञेत ठेवले. दुसरी वाट दंतकथेची. १८१५ ते १८२१ ही अखेरची वर्षे त्याने सेंट हेलेना बेटावर आठवणी सांगत काढली. या बेटावर प्रथम त्याला 'द ब्रायर्स' नावाच्या जागी ठेवले होते. १८०५ मध्ये हिंदुस्थानातून परतताना वेलस्लीही तेथेच उतरला होता. पुढे पॅरिसमध्ये नेपोलियनच्या महालात राहत असताना वेलिंग्टनने सेंट हेलेनाच्या आरमारी अधिकाऱ्याला, म्हणजे मॅल्कमच्या भावाला, लिहिलेल्या पत्रात या अदलाबदलीची थट्टा केली. ५ मे १८२१ रोजी नेपोलियन वारला. १८४० मध्ये त्याचे अवशेष पॅरिसला नेण्यात आले.

वेलिंग्टन इंग्लंडचा पंतप्रधान झाला आणि १८५२ मध्ये वारला. देवगावच्या तहाने भोसल्यांकडून निजामाकडे गेलेले वऱ्हाड पुढच्याच वर्षी, १८५३ मध्ये, निजामाने कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी कंपनीच्या हवाली केले.